डब्यातला समंध

माणूस जातो आणि त्याचा आवाज मागे उरतो, असं शोकसभेत म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पनवेलमध्ये मी अशा शोकसभा पुष्कळ ऐकल्या, कारण त्या आमच्या वाचनालयाच्या सभागृहात होत आणि कुलूप उघडणं हे ग्रंथपालाचं, म्हणजे माझं काम होतं. आवाज उरतो की नाही, मला सांगता येणार नाही. कवळी मात्र उरते. चितेवर ठेवण्याआधी ती काढून घेतात, कबरीत ठेवण्याआधीही काढून घेतात, आणि मग दहा-बारा दिवसांनी घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येतं, की कपाटातल्या पाण्याच्या पेल्यात आजोबा अजून हसताहेत.

त्या कवळीचं काय करायचं, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. ती धड जळत नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात होत नाही, आणि दुसऱ्या कोणाला बसत नाही. पनवेलपुरता हा प्रश्न उस्मानभाईंनी सोडवला होता. लोक कवळी त्यांनाच परत आणून देत.

उस्मानभाई डॉक्टर नव्हते. दातांचे डॉक्टर माप घेत, ते माप यांच्याकडे येई आणि हे कवळी घडवत. मस्कतला अकरा वर्षं हेच काम करून ते गावी परतले आणि वाचनालयाच्या खालच्या गाळ्यात त्यांनी लॅब थाटली. बुटके, मान किंचित कलती, कानावर पेन्सिल. गाळ्यात शिरलं की मेणाचा आणि कसल्याशा गोडसर रसायनाचा वास येई. टेबलावर गुलाबी पूड, प्लास्टर, एक छोटी ज्योत. मागच्या भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात परत आलेल्या कवळ्या. प्रत्येकीला वेगळी बरणी, बरणीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव.

"शाई उडते, पाध्येसाहेब," ते मला म्हणाले होते. "पेन्सिल राहते."

कवळी द्यायला आलेल्या माणसाला ते बसायला सांगत, पाणी देत आणि एवढंच विचारत : "नाव?" कोणी पेढ्यांच्या खोक्यातून आणलेली असे, कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून. देणारा घाईने निघून जाई. निघताना बहुतेक जण कपाटाकडे पाठ करत नसत, हे मी पाहिलं आहे. उलट्या पावलांनी दारापर्यंत जात.

उस्मानभाईंना चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते कोऱ्या नजरेने बघत उभे राहत. समोरचा बोलला, की डोळ्यांत ओळख येई. "हां, हां, तुम्ही! खालचा डावा बाजू जरा उचलायचा तो!" लिंगाचा गोंधळ त्यांचा अधूनमधून होई, पण डावं-उजवं कधी चुकलं नाही.

एकदा आमच्याकडे एका पुढाऱ्यांचं भाषण होतं. शोकसभाच होती, दुसऱ्या कोणाची तरी. उस्मानभाई माझ्या शेजारी मागच्या रांगेत बसले होते. पुढारी उठले, शाल सावरली, आणि उस्मानभाई कुजबुजले, "वरची सैल झालीय. आता 'स' ऐका." पुढारी म्हणाले, "समस्त समाजाच्या संवेदना..." आणि सभागृहात शीळ घुमली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. "ज्यांचा आवाज आपल्या अंतःकरणात सदैव..." पुन्हा शीळ.

"मी सांगितलं होतं, दर दोन वर्षांनी दाखवा," उस्मानभाई म्हणाले. "जबडा आत झिजतो. पण मोठ्या माणसांना वाटतं, आपलं काही झिजत नाही."

पुढे त्या पुढाऱ्यांचीही कवळी आली. मखमली डबीतून, ड्रायव्हरच्या हाती. उस्मानभाईंनी डबी परत केली आणि कवळी तशाच एका बरणीत ठेवली, एका निवृत्त पोस्टमन आणि एका मुल्लाणीच्या मधोमध.

हे सगळं गमतीचं म्हणून सांगता येतं, आणि मी वर्षानुवर्षं तसंच सांगत आलो. पण एका दुपारी मी खाली गेलो तेव्हा एक चाळिशीचा गृहस्थ वडिलांची कवळी घेऊन बसला होता. उस्मानभाईंनी ती उजेडात धरली, आतून अंगठा फिरवला, पुढच्या दातांची झीज पाहिली. मग त्यांनी स्वतःचा खालचा ओठ जरासा बाहेर काढला, जीभ कुठेतरी अडवली आणि म्हणाले, "साठ, एकसष्ट, बासष्ट."

दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकाला कवळी बसवल्यावर ते हे आकडे म्हणायला लावत. साठच्या घरात 'स' सारखा येतो, तिथे दातांची परीक्षा होते. पण तो आवाज त्यांचा नव्हता. जरा घोगरा, 'स'च्या शेवटी हलकं थुंकल्यासारखा. तो गृहस्थ उठला, बाहेर गेला आणि आमच्या जिन्याच्या पायरीवर बसला. मी त्याला पाणी नेऊन दिलं तेव्हा तो म्हणाला, "यांची आणि बाबांची ओळख होती का हो?"

ओळख नव्हती. माप डॉक्टरांनी घेतलं, कवळीही डॉक्टरांनीच बसवली होती. उस्मानभाईंनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

"त्यात काय जादू," मी विचारलं तेव्हा ते म्हणाले. "दात असे झिजले म्हणजे जीभ अशीच जाणार. जीभ अशी गेली म्हणजे आवाज असाच येणार." आणि त्यांनी चिठ्ठी बांधायला घेतली.

हिराबाई त्यांच्याकडे आल्या त्या कवळीसाठी नव्हे. हिराबाई कोळीण, उरणकडच्या. पनवेलच्या मासळी बाजारात त्यांचा पाट होता. पंचवीस पावलांवरून गिऱ्हाईक ओढून आणणारा गळा. त्यांच्या वरच्या जबड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता? त्या म्हणाल्या, कवा नाय. मिश्री लावता? त्या म्हणाल्या, ती रोज लावते, ती तर दातांचं औषध हाय. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड त्यांनी लहानपणापासून हिरड्यांना चोळली होती.

ऑपरेशनमध्ये टाळूचा अर्धा भाग गेला. तोंडाचं छप्पर गेलं आणि तोंड-नाक एक झालं. पाणी प्यायलं की नाकातून येई. बोललं की वारा नाकातून निघून जाई आणि 'प', 'ब' तोंडात ठरतच नसत. त्यांचा 'म' होई. हिराबाई पाटावर बसून "पापलेट" ओरडल्या आणि बाहेर आलं "मामलेट". पोरं हसली. मुलाला हाक मारली, "बाळू!" बाळूने मागे वळून पाहिलं नाही, कारण कोणीतरी माळूला बोलावत होतं.

अशा लोकांसाठी उस्मानभाई गुलाबी पट्टी करत. ती टाळूला बसे आणि भोक बुजवे. इस्पितळात तिला मोठं इंग्रजी नाव होतं, पेशंट तिला बूच म्हणत, उस्मानभाईंना दोन्ही आवडत नसत. ते तिला टाळूच म्हणत. "आज एक टाळू केली," असं ते म्हणत, कोणी पोळी केली म्हणावं तसं.

हिराबाईंची टाळू पहिल्यांदा बसवली तेव्हा मी तिथे होतो. "म्हणा, बाबा," उस्मानभाई म्हणाले.

"बाबा."

"पाव, भाजी, पापड."

"पाव, भाजी, पापड," हिराबाई म्हणाल्या, थांबल्या, आणि मग वरच्या मजल्यावरचे वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे दचकतील एवढ्या आवाजात ओरडल्या, "पापलेट घ्या, पापलेट!" रडत होत्या की हसत होत्या, कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्या टाळू साफ करून घ्यायला येत. उस्मानभाई ती हातात घेत, नाकाशी नेत आणि तोंड वाईट करत.

"हिरामावशी, रात्री काढत नाहीस."

"काढते तर."

"खोटं. ही रात्रभर तोंडात होती. वास सांगतो."

पुढच्या तपासणीत पट्टीखाली लाल चट्टा दिसला. तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस हिराबाई पाटावर बसल्या, पण ओरडल्या नाहीत. रिपोर्ट आला : कॅन्सर नव्हता, अस्वच्छ पट्टीखालची सूज होती. डॉक्टरांनी बजावलं, या वेळी सूज निघाली म्हणून खूश होऊ नका. त्या जागेला रोज रात्री मोकळं ठेवा.

"ऐकलंस?" उस्मानभाई म्हणाले.

तेव्हा हिराबाई खरं बोलल्या. त्या एका खोलीत राहत. बाळू न्हावा शेव्याच्या बंदरातून रात्रीचा ट्रेलर चालवत असे. "रातची मी एकली. काय झालं न हाक मारायची येल आली तर? माझं बोलनं कोनाला कलनार? 'बाबा' म्हनली तर लोक 'मामा' ऐकतान. मेलेली बरी, पन मुकी नको."

उस्मानभाईंनी कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या कपट्यावर आपला नंबर लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. "मला फोन लाव. कितीही वाजता. तीस वर्षं बिनटाळूचं बोलणं ऐकतोय मी. तू 'मामलेट' म्हण, मला पापलेटच ऐकू येणार."

हिराबाईंनी कपटा घडी करून कमरेला खोचला. पंधरा दिवसांनी टाळूला तोच वास होता.

त्याच सुमारास कॅन्सरच्या इस्पितळातून डॉ. मिथिला नावाची संशोधक आली. तिला जुन्या कवळ्यांवर साचलेला थर हवा होता. दातावरचा तो दगडासारखा थर. त्यात तोंडातले जिवाणू अडकून मरतात, पण त्यांच्या खुणा पुष्कळ वर्षं वाचता येतात, असं ती म्हणाली. कपाटात तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरने गेलेले लोक होते आणि दुसऱ्या कशाने गेलेलेही. तिने कपाटाकडे पाहिलं आणि ती बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागली.

"सर, हे सगळे... म्हणजे... ओळखीचे?"

"सगळे," उस्मानभाई म्हणाले. "पण घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

ते खरंच महिनाभर घरोघर फिरले. बऱ्याच घरांत कवळी दिल्याचंच आठवत नव्हतं. पुढाऱ्यांच्या घरी त्यांना विचारलं गेलं, की संशोधनाला साहेबांचं नाव देणार का.

पुढे मिथिलाने एक लेख पाठवला. तो तिचा नव्हता, या विषयावर कुठे काय चाललंय याचा आढावा होता. इंग्रजी असल्यामुळे उस्मानभाईंनी मला खाली बोलावलं. हिराबाईही आलेल्या होत्या. त्यांची टाळू उस्मानभाईंच्या हातात होती, ते ब्रशने ती घासत होते. हिराबाई पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मी लेख मराठीत करून वाचू लागलो.

"'तोंडातील काही जिवाणूंचा डोकं आणि मान यांच्या कर्करोगाशी संबंध आढळतो...'"

"काय आढलतो?" हिराबाईंनी विचारलं.

"संबंध."

"सम्मंध?" त्या म्हणाल्या. टाळू नसताना त्यांच्या तोंडून 'ब' निघत नसे. आपलाच शब्द कानावर पडला आणि त्यांचा पदर खाली आला.

"हो, तोच," मी पुढची ओळ शोधत म्हणालो. "हे पुढे दिलंय. 'त्यांना हवा सोसत नाही. अंधाऱ्या, ओलसर फटीत राहतात. जिथे जुनी जखम आहे तिथे घर करतात. एकटे राहत नाहीत, दुसऱ्यांना बोलावून घेतात. रात्री तोंड कोरडं पडतं तेव्हा वाढतात.'"

मी वाचत राहिलो. गाठीत हे जिवाणू जास्त सापडतात, त्याच तोंडातल्या निरोगी बाजूला कमी. पण ते आधी आले आणि गाठ झाली, की गाठ झाली म्हणून ते राहायला आले, हे अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तंबाखू, सुपारी, दारू हे मोठे गुन्हेगार. हे त्यांचे साथीदार असावेत.

"म्हणजे संबंध आहे, कारण आहे असं नाही," उस्मानभाई म्हणाले. या बाबतीत ते फार काटेकोर होते. "पाध्येसाहेब, दोन्ही शब्द वेगळे ठेवा."

हिराबाईंनी टाळू घेतली, पाण्याने तीनदा धुतली आणि निघून गेल्या. दारापर्यंत उलट्या पावलांनी.

पुढच्या खेपेला टाळू स्वच्छ होती. उस्मानभाईंनी दोनदा वास घेतला, मग हिराबाईंनी ती बसवली.

"काढतेस रात्री?"

"काढते. डब्यात पानी घालून ठेवते. वर झाकन. झाकनावर कोयती."

"कोयती कशाला?"

"लोखंड नको त्याला?" मग त्या माझ्याकडे वळल्या. तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती. "मास्तर, तो बामनाचाच असतो ना? तुमाला म्हाईत असंल."

मला समजायला वेळ लागला. कोकणात समंध म्हणजे वासना राहून गेलेल्या ब्राह्मणाचं भूत. तो झाडावर असतो, विहिरीत असतो, पडक्या घरात असतो. हिराबाईंच्या मते मी इंग्रजी कागदातून वाचून दाखवलं होतं, की तो त्यांच्या टाळूत आहे. अंधारी फट, ओल, जुनी जखम, रात्रीचं वाढणं. माझ्या वाचण्यात त्यांना एकही गोष्ट खटकली नव्हती.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "हे सांगायला हवं त्यांना."

"हवं," उस्मानभाई म्हणाले. त्यांनी दुसऱ्या कोणाची कवळी घासायला घेतली. "पण साहेब, चट्टा गेलाय. आणि माझा नंबर आहे तिच्याकडे, त्याचाही धीर आला असेल."

मी जिना चढून वर गेलो.

त्यांना मात्र ते सलत राहिलं. खोटं खपवून घेणारा माणूस नव्हता तो. एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर, ते हिराबाईंच्या खोलीवर गेले, सगळं नीट सांगायचं ठरवून. संध्याकाळी परत आले ते सरळ वर, वाचनालयात. एरवी ते कधी वर येत नसत.

"डबा वाजतो," ते म्हणाले.

हिराबाईंनी त्यांना सांगितलं होतं, की रात्री डब्याचं झाकण वाजतं. कोयती ठेवली तरी वाजतं. उस्मानभाईंनी खिडकीतून रस्ता दाखवला. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर. एक गेला की भिंत थरथरते, डबा वाजणारच. हिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ट्रेलर दिवसा बी जातान. दिवसा टाळू माझ्या तोंडात, डबा रिकामा. तवा नाय वाजत."

"मग?" मी विचारलं.

"मग मी बसलो दीड तास. अकरा ट्रेलर गेले, साहेब. भिंत हलली, कप हलले. डबा नाही हलला." ते खिडकीबाहेर बघत होते. "मग मी तिला म्हटलं, टाळू काढ आणि डब्यात ठेव."

"आणि?"

"पुढचा ट्रेलर आला आणि झाकण वाजलं."

पाण्याचं वजन, झाकणाची बैठक, असं मी काहीतरी म्हणालो. ग्रंथपालाला सगळ्यातलं थोडं येतं. उस्मानभाईंनी मान डोलावली. "असेल. पण मी तिला काही सांगितलं नाही. कारण माहीत नसताना काय सांगू?"

त्यांना मी शेवटचं पाहिलं तीही दुपारच होती. वीज गेलेली होती. मी जिना उतरत होतो आणि गाळ्यात कोणीतरी बोलत होतं. दोघं-तिघं असावेत. दार अर्धं उघडं होतं. उस्मानभाई एकटेच कपाटासमोर उभे होते, हात मागे बांधून. "साठ, एकसष्ट, बासष्ट," घोगऱ्या आवाजात. मग जरा सरकले, पुढच्या बरणीसमोर. "साठ, एकसष्ट, बासष्ट," आता एक म्हातारी, धाप लागलेली. पुन्हा सरकले. या वेळी शीळ ऐकू आली आणि मी पुढाऱ्यांना ओळखलं. मी आत गेलो नाही. चप्पल हातात घेऊन रस्त्यावर आलो, आणि मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं.

त्या आठवड्यात उस्मानभाई गेले. हृदयविकार, जेवण झाल्यावर, पाच मिनिटांत.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी, सलमाभाभी, वाचनालयात आल्या. हातात हातरुमालाची पुरचुंडी होती. उस्मानभाईंना कवळी होती हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एवढी ती बेमालूम होती. परत कोणाकडे द्यायची, हा प्रश्न होता. मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. नाव विचारायची गरज नव्हती. खाली कपाटात शेवटच्या खणात एक रिकामी बरणी निघाली. चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव लिहिलेलं होतं.

भाभींच्या परवानगीने मिथिलाने त्या कवळीवरचाही थर नेला. काही दिवसांनी तिचा फोन आला. जरा अवघडून ती म्हणाली, की अख्ख्या कपाटात एवढा जाड थर दुसऱ्या कुठल्याच कवळीवर नव्हता. "सर, ते स्वतः रात्री काढत नव्हते?"

मी भाभींना विचारलं. "गेली चार वर्षं नाही काढली त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी किती भांडले! म्हणायचे, रात्री तिचा फोन आला तर? दातांशिवाय मी काय बोलणार? आणि तिला कळणार काय?"

हिराबाई अजून पाटावर बसतात. तपासणीत आजवर काही निघालेलं नाही. मी मांदेली घ्यायला गेलो तेव्हा त्यांना विचारलं, उस्मानभाईंना रात्री कधी फोन केला होता का.

"नाय, मास्तर. एवढ्या मायेनं नंबर दिला, त्याला नाय कसं म्हनू? पन घरात फोन एकच हाय. रातचा तो बाळू घेऊन जातो, ट्रेलरवर."